शमीमभाभींचे झिंगे

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, भावाजवळ नाही. भावाला यातले अर्धे माहीत आहे, पण ते कशाचे अर्धे आहे हे त्याला माहीत नाही. आणि जिच्याजवळ बोलायला हवे होते तिच्या घरी मी वर्षातून तीन-चारदा जाते, चहा पिते, परत येते.

तुम्हाला वाटेल, काहीतरी मोठे असेल. मोठे नाही. झिंग्यांची गोष्ट आहे. गोड्या पाण्यातले, बोटाच्या पेराहून लहान, दिवसभर शेवाळ खात बसणारे लाल झिंगे. काचेच्या पेटीत, पाणवनस्पतींत पाळायचे. तेवढेच.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यांच्या पानावर रोज काय छापून येत होते ते तुम्हाला ठाऊक आहे. मी एका मराठी दैनिकाच्या अमरावती कचेरीत उपसंपादक होते आणि ते सगळे माझ्या टेबलावरून जात होते. तालुक्याहून शेतकरी आत्महत्यांचा मजकूर यायचा, मी विशेषणे कापायची. ‘दुर्दैवी’ हा शब्द तर इतक्यांदा खोडला की पुढे पुढे वार्ताहरांनीच तो लिहिणे सोडले. आणि सकाळी, कचेरीत जाण्याआधी, मी चहाचा कप घेऊन पेटीसमोर बसत असे. एखादी मादी पोटाखाली अंडी घेऊन पानावर बसलेली असायची, मागचे पाय पंख्यासारखे हलवत. मी सुखात होते. त्या वर्षांत सुखात होते हेही मी कधी कुणाला सांगितले नाही. पण त्याची मला लाज वाटत नाही, आणि कबूल करायचे ते हे नव्हे.

मग काय? सांगते.

आधी शमीमभाभी. अमरावतीला येण्यापूर्वी मी काही वर्षे अकोल्यात होते. जुन्या शहरात, मोर्णा नदीपासून जवळ, युसूफभाईंच्या गादीच्या दुकानावरची खोली मी भाड्याने घेतली होती. खाली पुढे दुकान, मागे घर. शमीमभाभी युसूफभाईंच्या पत्नी. दुकानात कापूस पिंजला जायचा, त्याचे तंतू घरभर उडायचे, आणि मागच्या खोलीत एका फळीवर भाभींची पेटी होती. तंतू पाण्यावर बसू नयेत म्हणून वर मलमलीचे झाकण. मुंबईला असलेल्या त्यांच्या भावाने एकदा पिशवीत पाणी घालून झिंगे आणले होते, सोबत थोडी पाणवनस्पती. ते अकोल्याच्या उन्हाळ्यात टिकणार नाहीत असे तो स्वतःच सांगून गेला होता.

ते टिकले. पहिल्या वर्षी थोडे, मग अधिक. उन्हाळ्यात भाभी पेटीभोवती ओले कापड गुंडाळायच्या. वीज असली तर टेबलफॅन पाण्यावर रोखायच्या, आणि नसली — त्या वर्षांत ती बहुधा नसायचीच — तर माठातल्या पाण्यात सुताची जाड वात बुडवून तिचे दुसरे टोक पेटीत सोडायच्या. थेंब थेंब थंड पाणी उतरत राहायचे. पालकाचे पान उकडून घालायच्या. देशी बदामाची वाळलेली पाने घालायच्या. फिके झिंगे निवडून वेगळ्या बरणीत काढायच्या. अशी सात-आठ वर्षे गेली.

त्या माझ्याशी वऱ्हाडीत बोलत, घरात उर्दूत आणि झिंग्यांशी दोन्हींत.

“पाहा ताई,” त्या एकदा म्हणाल्या, “रिकामं कोनीच बसत नाही यायच्यात. आमच्या घरच्या मानसायले आनून दाखवाव वाटते.”

“आयकून राहिलो मी,” दुकानातून युसूफभाईंचा आवाज आला.

“आयकासाठीच बोलून राहिली.”

मुंबईचे म्हणून आलेले ते झिंगे भाभींनी अकोल्याचे केले होते. हा त्यांचा शब्द. “हे आता अकोल्याचे झाले,” असे त्या सांगायच्या, आणि सांगताना त्यांच्या तोंडावर जे यायचे ते मी त्यांच्या मुलीच्या निकालाच्या दिवशीही पाहिलेले नाही. त्या कुणाला झिंगे देत नसत. नातेवाइकांनी मागितले, नाही दिले. माझी अमरावतीला बदली झाली तेव्हा मला दिले. बरणीत दहा-बारा. माझ्या घरच्या पेटीची सुरुवात ती.

पुढे त्यांच्या मुलीचे, रुखसारचे लग्न ठरले. घर रंगवायचे होते, भिंती खरडायच्या होत्या, पाहुणे यायचे होते. चुन्याची भुकटी, रंगाचा वास, पोराटोरांचे हात. पेटी जागेवर राहणे शक्य नव्हते. भाभींनी मला बोलावून घेतले आणि सगळे झिंगे एका स्टीलच्या डब्यात भरून दिले. सगळे. एकही मागे ठेवला नाही. दोन महिन्यांचा प्रश्न आहे, म्हणाल्या, आणि तुमच्याशिवाय मी कुणाला दिले नसते. मी डबा मांडीवर घेऊन एसटीने अमरावतीला आले. मूर्तिजापूरला शेजारच्या बाईंनी विचारले, रसगुल्ले आहेत का. मी हो म्हणाले. तेवढे खोटे कबुलीत धरू नका.

मी ते माझ्याच पेटीत सोडले. माझे आणि त्यांचे एकत्र झाले. माझे म्हणजे मुळात त्यांचेच. पेटीत काही गप्पी मासे होते, ते कुणाला त्रास देत नव्हते. दीड महिना सगळे नीट होते. नीट म्हणजे इतके की पिल्ले झाली होती. सुईच्या टोकाएवढी, पण हुबेहूब मोठ्यांसारखी, पाठोपाठ काचेवर चरत.

मी इथेच थांबत राहते आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल.

माझे माहेर रिद्धपूरच्या बाजूला. संत्री आणि कापूस. धाकटा भाऊ सुधाकर शेती पाहतो. मी दोन दिवसांसाठी गेले होते. विहिरीजवळ सिमेंटचा हौद आहे आणि त्यात बारीक पानांची एक पाण्याखालची वेल माजली होती. अशी हिरवी की बाजारात मिळत नाही. माझ्या पेटीतली वनस्पती तेव्हा जरा काळवंडली होती. मला वाटले, भाभी न्यायला येतील तेव्हा पेटी हिरवीगार दिसायला हवी. त्यांनी म्हणायला हवे, ताई, तुम्ही तर माझ्याहून चांगली ठेवली. एवढेच हवे होते मला. मी बाही वर करून वेल उपटायला लागले.

सुधाकर बांधावरून ओरडला, “बाई, थ्या हौदातलं नोको नेऊ. काल पंप धुतला तठी.”

फवारणीचा पंप. कापसावर जे फवारतात ते. आमच्याकडे पंप हौदावरच भरतात आणि हौदावरच धुतात. माझे वडील तेच करत, सगळे गाव तेच करते. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या बाईला हौद म्हटल्यावर हे सांगावे लागू नये. मला तर मुळीच नाही. कारण फवारणीतून विषबाधा झाल्याच्या बातम्यांसोबत आम्ही दर हंगामात एक चौकट छापत असू: तोंडाला फडके बांधा, वाऱ्याच्या उलट फवारू नका, पंप धुतलेले पाणी विहिरीत, ओढ्यात, हौदात जाऊ देऊ नका. ती चौकट मी लिहिलेली होती. ‘हौदात’ हा शब्द मीच नंतर घातला होता.

मी भावाला म्हणाले, “येवढ्याशानं काय होते रे.”

वेल घरी आणली, नळाखाली दोनदा धुतली आणि पेटीत लावली. सुंदर दिसली.

दुपारी झिंगे वेडेवाकडे पोहू लागले. हे प्राणी चालतात. पोहतात ते क्वचित, आणि तेही सरळ. ते काचेवर आपटत होते, गोल फिरत होते, मग आडवे पडत होते. आडवे पडल्यावरही पाय हलत होते. मी वेल उपटून फेकली. पाणी बदलले, पुन्हा बदलले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पेटीत एकही लाल ठिपका हलत नव्हता. पिल्ले तर आधीच संपली होती. आणि गप्पी मासे मजेत फिरत होते. आणखी कुठला पुरावा हवा? पाणी बिघडले असते, वीज गेली असती, हवेचा पंप बंद पडला असता, तर मासेही गेले असते. कीटकनाशकच माशांना सोडून झिंग्यांना आधी मारते. हे मला वाचून माहीत होते. वेल आणण्याच्या आधीच वाचले होते, तेही आठवते.

मी ते जाळीने काढले, अंगणातल्या कडुनिंबाखाली पुरले आणि फोन उचलला. अकोल्याला लावायला उचलला होता. लावला नागपूरला.

असे का केले? वीज गेली म्हणून मेले, एवढे सांगितले असते तरी भाभींनी मान डोलावली असती. त्या वर्षांत विजेवर कुठलाही दोष ढकलता येत होता. पण तसे सांगायचे तर मेले हे सांगावे लागले असते. मला तोच शब्द उच्चारायचा नव्हता. रोज छापत होते, पण तो दुसऱ्यांचा होता.

नागपूरच्या एका दुकानातून मी लाल झिंगे आणले. त्याच जातीचे, भाभींच्यापेक्षा गडद. पेटी रिकामी करून, धुऊन, नव्याने लावून तीत ते सोडले. महिनाभराने लग्न आटोपल्यावर त्याच स्टीलच्या डब्यात घालून अकोल्याला घेऊन गेले. घराला नवा फिकट हिरवा रंग होता. भाभींनी सुताची वात लावून डब्यातले पाणी आणि पेटीतले पाणी एक होऊ दिले, मग झिंगे सोडले आणि खाली वाकून पाहत बसल्या. बराच वेळ.

“लाल झाले वं ताई तुमच्या घरी,” त्या म्हणाल्या. खूष होत्या. मग म्हणाल्या, “ती पाठीवरची रेघ दिसत नाही पन.”

भाभींच्या जुन्या माद्यांच्या पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक फिकी रेघ असायची. सगळ्यांच्या नव्हे, वयात आलेल्यांच्या. मला ती माहीत होती. नागपूरच्या दुकानात मी रंग पाहिला, आकार पाहिला, रेघ पाहायची विसरले.

मी म्हणाले, “पाणी बदललं की जाते ती, भाभी.”

त्यांनी मान डोलावली. त्यांना माझे खरे वाटले, कारण मी वर्तमानपत्रात होते. युसूफभाई कुणालाही सांगताना म्हणत, आमच्या ताई विचारल्याशिवाय एक ओळ लिहीत नाहीत.

हे झाले खोटे. पण माझ्या मनाला जे लागून राहिले आहे ते यापुढचे.

तो उन्हाळा आला. नागपूरच्या झिंग्यांना अकोल्याच्या उन्हाची सवय नव्हती. ते मरायला लागले. रोज सकाळी दोन, चार. भाभींनी कापड बदलले, माठ दोन केले, दुकानातला पंखा काढून आणला. युसूफभाई घामाघूम होऊन गाद्या शिवत बसले आणि तक्रार केली नाही. मे महिन्यात रुखसारने सासरहून, बऱ्हाणपूरहून बोलावले. लग्नानंतरचे तिचे पहिलेच आमंत्रण, आठ-दहा दिवस येऊन राहा म्हणून. भाभी गेल्या नाहीत. सात-आठ उन्हाळे काढलेला वंश — वंशच म्हणायच्या त्या — आपल्या हातून जातो आहे, आणि आपण मुलीकडे जाऊन सरबत प्यायचे?

हे त्यांनी मला सांगितले. मी एका बातमीच्या निमित्ताने अकोल्याला गेले होते, त्यांच्याकडे जेवले होते. त्या पेटीजवळ बसून ओले कापड पिळत होत्या.

“लग्नाच्या गडबडीत माहाच हात सुटला यायच्यावरून,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडून तर चांगले आले होते. माह्याच घरी आले न् मरून राहिले. काहून असं व्हावं?”

त्या खरेच विचारत होत्या. मला उत्तर माहीत होते. ते एका वाक्यात बसणारे उत्तर होते, आणि एका वाक्यात उत्तर बसवणे हेच माझे काम होते. मी म्हणाले, उन्हाळाच यंदा जास्त आहे. मग पिळलेले कापड त्यांच्या हातून घेतले आणि काचेवर लावायला मदत केली.

पाऊस आला तेव्हा पेटीत मोजके झिंगे उरले होते. त्यांतून पुन्हा वाढले. पुढच्या उन्हाळ्यात कमी मेले, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कमी. भाभींच्या हातात होते ते काही गेलेले नव्हते.

इथे थांबता आले असते. पण दोन-तीन वर्षांनी आमच्या संपादकांना रविवारच्या अंकासाठी असा मजकूर हवा होता ज्यात कुणी मरत नाही. त्यांचेच शब्द. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणाले, अकोल्याच्या जुन्या शहरात एक बाई आहेत. आणि लिहिला. मलमलीचे झाकण, माठ, सुताची वात, ओले कापड, सगळे खरे लिहिले. मोबाइलवर फोटो काढला, भाभींनी त्यासाठी नवी ओढणी घेतली. आणि मधोमध हे वाक्य लिहिले: ‘मुंबईहून आलेल्या त्या मूठभर झिंग्यांचा वंश त्यांनी एकाही नव्या झिंग्याची भर न घालता अकोल्याच्या पाण्यात आणि अकोल्याच्या उन्हात टिकवला आहे.’ ते वाक्य नसते तरी मजकूर उभा राहिला असता. मी वाचून पाहिला होता, त्याच्याशिवाय. मग ते घातले. वाचायला छान वाटत होते.

तो मजकूर गाजला. आमच्या प्रमाणात गाजला. अकोल्यातून, अमरावतीतून, एकदा तर धारणीहून बसने एक शिक्षक भाभींकडे आले. भाभी आता देऊ लागल्या. बरणीत घालून, सोबत बदामाची दोन पाने देऊन, आणि कसे सांभाळायचे ते समजावून. कात्रण युसूफभाईंनी काचेत मढवून दुकानात लावले, गादी शिवून घ्यायला आलेल्या माणसाला आधी ते वाचावे लागे. रुखसार आईला न्यायला स्वतः आली, तेव्हा भाभी बिनघोर गेल्या. पेटी युसूफभाईंनी सांभाळली. घरच्या माणसाने शेवटी काम केले असे त्या अजून सांगतात.

माझ्या पेटीतही आता त्यांच्याकडचेच आहेत. मी निवृत्त झाले, सकाळी चहा घेऊन बसते, एखादी मादी पंखा हलवत असते. मला बरे वाटते. हे लिहितानाही, खरे सांगायचे तर, वाईट कमी आणि बरे जास्त वाटते आहे. तसे वाटायला नको होते का? असेल. पण तसे वाटते.

गेल्या महिन्यात अमरावतीत एका तरुण जोडप्याच्या घरी गेले होते. त्यांच्या पेटीत झिंगे पाहून विचारले, कुठले. अकोल्याचे, म्हणाले. त्या मुलीने मला उत्साहाने माहिती दिली. या जातीत पाठीवर एक रेघ असते, ती पाणी बदलले की जाते. हे तिला तिच्या मैत्रिणीने सांगितले होते, मैत्रिणीला आणखी कुणी. दोन शहरांत झिंगे पाळणारी सगळी माणसे आता हे जाणतात. ती मला समजावून सांगत होती आणि मी ऐकत होते.

शमीमभाभी सत्तरीच्या आहेत. मराठी वाचतात, सावकाश, पण सगळे वाचतात. हे छापून आले की युसूफभाई आणून देतील. मी आधी जाऊन सांगितलेले नाही. वर्तमानपत्रात चूक छापली तर दुरुस्तीही छापायची, चुकीइतक्याच ठळक अक्षरांत, असे मी नव्या मुलांना शिकवत असे. माझी दुरुस्ती अशी:

अकोल्याच्या जुन्या शहरातील झिंग्यांविषयी रविवारच्या अंकात आलेल्या मजकुरातील ‘एकाही नव्या झिंग्याची भर न घालता’ हे शब्द खोटे आहेत. शमीमभाभींचे मूळ झिंगे अमरावतीत माझ्या घरी मेले. फवारणीचा पंप धुतलेल्या हौदातली वेल मी पेटीत लावली, तसे करू नये असे सांगितलेले असताना. भाभींना परत दिले ते नागपूरहून विकत आणलेले होते. त्या उन्हाळ्यात ते मेले त्यात भाभींच्या हाताचा काही दोष नव्हता. पाणी बदलल्याने झिंग्याच्या पाठीवरची रेघ जात नाही. हे सर्व लिहिणारीला तेव्हाच ठाऊक होते.